अन्वीच्या जत्रेचा फ्यूज

उंटरश्लाइसहाइम, जर्मनी
१ जून २०२५

प्रिय यशवंत,
स. न. वि. वि.

पत्राला फार उशीर झाला, राग मानू नकोस. तुझं फेब्रुवारीतलं पत्र माझ्या उशीखाली आहे आणि रोज बोचतं आहे. मार्चमध्ये माझ्या इथे राहण्याच्या परवान्याचे कागद अडकले होते. महिनाभर प्रताप पुढे, बाप मागे, असे या खिडकीवरून त्या खिडकीवर हिंडलो. आता एक वर्षाचा परवाना मिळाला. खरं सांगायचं तर त्यालाही सहा आठवडे झाले. पण लिहायला बसलं की भीती वाटते. सातवीपर्यंत शिकलेला माणूस, चुकीचं काही लिहून बसलो तर? तुला फोनवर ऐकू येत नाही आणि प्रतापच्या टॅबवरून लिहिलं तर घरातले सगळे वाचतात. म्हणून हा कागद. बारा-तेरा दिवसांत कराडला पोचेल असं पोस्टातली बाई खुणेने म्हणाली.

इथे माझं नाव खराब झालं आहे. घराबाहेर पडताना सगळी बटणं बंद केल्याशिवाय माझा पाय निघत नाही, हे तुला माहीत आहे. इथल्या भिंतीतल्या सॉकेटला बटणच नसतं. पिन उपटायची, एवढाच उपाय. पाडव्याच्या सुमारास आम्ही सगळे दोन दिवस स्टुटगार्टला गेलो, सूनबाई नंदिनीच्या बहिणीकडे. निघताना मी सगळ्यांच्या मागे राहून एकेक पिन काढली. त्यात फ्रीजरचीही निघाली. परत आलो तर नंदिनीने पुण्याहून आणलेला खवलेला नारळ, मटार, पुरणाचे गोळे, सगळ्याचं पाणी. ती फरशी पुसत राहिली. बोलली असती तर बरं वाटलं असतं. पुढच्या आठवड्यात प्रतापची मीटिंग चालू असताना मी इंटरनेटच्या डब्याची पिन काढली, कारण हाताला गरम लागला. तेव्हा मात्र प्रताप बोलला. "बाबा, या घरात काही पेटणार नाही. तुम्ही फक्त कशाला हात लावू नका."

त्याला कसं सांगणार? अठ्ठ्याऐंशी साली तो फक्त चार वर्षांचा होता. आपल्या चौकातला कालियामर्दनाचा देखावा त्याला आठवतो, फणा हलायचा तेही आठवतं. निळा पडदा पेटला ते आठवत नाही.

आता खरं काम सांगतो. माझी नात अन्वी दहा वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं तिला, बोलते जर्मन. मी मराठीत विचारतो, ती जर्मनमध्ये उत्तर देते, आणि आमचं बरं चाललं आहे. तिने खेळण्यातल्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांची जत्रा बांधली आहे. दाराएवढी फळी. आकाशपाळणा, चक्री, मौत का कुआँ, आणि आपल्याकडे दोन वर्षांपूर्वी बघितलेला उसाच्या रसाचा चरक. मधोमध गणपतीची जागा, त्याच्यामागे फिरतं चक्र. म्हणजे पाच मोटारी. शिवाय दुकानांत छत्तीस बारीक दिवे. इथल्या मराठी लोकांचा गणपती एका हॉलमध्ये बसतो. तीस ऑगस्टला सगळे जमतात, तिथे यंदा हिची जत्रा मांडायची ठरली आहे.

अडचण अशी की हे सगळं सहा पेन्सिल सेलच्या एका डब्यावर चालतं. आठ मिनिटं फिरतं आणि सगळं एकदम बंद. पाच-सात मिनिटं थांबलं की आपोआप सुरू. प्रताप म्हणतो आत स्वतःच परत जोडला जाणारा फ्यूज आहे. जो वितळत नाही तो कसला फ्यूज, मला काही कळत नाही. अन्वी माझ्याकडे बघते. प्रतापने तिला कधीतरी सांगून ठेवलं आहे की आजोबा देखाव्यांचे वायरमन होते. मी म्हणतो, मी विसरलो. ती म्हणते, "नाइन, आजोबा." नाइन म्हणजे नाही.

हॉल भरलेला असताना तिचं सगळं बंद पडलं तर पोर काय करेल, आणि बंद न पडता तापत राहिलं तर काय होईल, या दोन्ही विचारांनी मला जेवण जात नाही. तू सांग काय करू. तुझ्या हाताची मी केलेली दशा मला दिसत असते, म्हणून तुलाच विचारतो.

शुभावहिनींना नमस्कार, निधीला आशीर्वाद.

तुझा
दिनकर


कराड
१६ जून २०२५

दिनकर,

पत्र पोचलं. निधी लिहिते आहे, मी सांगतो आहे. माझी बोटं वळत नाहीत म्हणून नातीच्या अक्षरात, हे तुला नवीन नाही. (काका, मी निधी. आजोबा सांगताना मध्येच शिव्या देतात, त्या मी गाळल्या आहेत.)

फ्रीजरचं वाचून तुझी वहिनी दोन दिवस हसते आहे. म्हणाली, भावजींना म्हणावं मटार गेले तर गेले, आधी सुनेची माफी मागा.

तू म्हातारा झालास, पण बुद्धीही गहाण टाकलीस काय? मंडपात आपण काय करायचो? रोषणाई एका फेजवर, मोटारी दुसऱ्यावर. मोटार सुरू होताना ओढते आणि अडकली की दसपट ओढते. ठोकळ्यांची झाली म्हणून मोटार काय साधू झाली? एका डब्यावर पाच मोटारी आणि छत्तीस दिवे घालून तू त्या डब्याला कामाला जुंपलं आहेस. तो दमतो आणि बसतो. फ्यूज पडतो म्हणजे तो काहीतरी सांगतो आहे. त्याचं तोंड बंद करू नकोस. एवढं माझं ऐक.

बाकीचं निधी सांगेल. ती तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकते.

(काका, सोपं आहे. मीटर लावून प्रत्येक मोटार किती करंट घेते ते मोजा. आधी मोकळी फिरताना, मग क्षणभर बोटाने धरून. मग मोटारी तीन डब्यांत वाटून टाका, प्रत्येक डब्याचा फ्यूज त्याच्याजवळच राहू दे. दोन डब्यांच्या तारा एकमेकींना कुठेही जोडू नका. दिवे बहुतेक पाच व्होल्टचे असतील, ते नऊवर ठेवले तर लवकर जळतील. त्यांना मोबाइलच्या पॉवर बँकेवर वेगळं ठेवा. तारांची गुंडाळी करून ठोकळ्यांखाली कोंबू नका.)

आणि माझ्या हाताचं दरवेळी लिहीत जाऊ नकोस. मला वाचायला आवडत नाही.

यशवंत


उंटरश्लाइसहाइम
४ जुलै २०२५

प्रिय यशवंत,
स. न. वि. वि.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. सल्ला चांगला आहे. निधी हुशार आहे, तिला शाबासकी.

इथे सगळं ठीक. उन्हाळा कडक आहे, घराला पंखा नाही. मी सकाळी तळ्यापर्यंत फिरून येतो. रिकाम्या बाटल्या दुकानातल्या यंत्रात टाकायचं काम माझ्याकडे आहे, ते मी नीट करतो. नंदिनीची माफी मागितली. ती म्हणाली, "बाबा, मी विसरलेसुद्धा," आणि मला चहा दिला.

ठोकळ्यांचं काम सध्या थांबलं आहे. शाळेचा अभ्यास असतो. पोरांचं असंच, आज एक उद्या दुसरं. ते सगळं तळघरातल्या खोलीत नेऊन ठेवलं आहे. तू त्याची काळजी करू नकोस.

अक्षर खराब आलं आहे कारण उजव्या अंगठ्याला फोड होता. चहा सांडला.

तब्येतीला जप.

तुझा
दिनकर


कराड
१८ जुलै २०२५

दिनकर,

चहा सांडून फोड येतो तो मनगटावर, नाहीतर मांडीवर. अंगठ्याला कशाने येतो ते मी तुझ्या बरोबरीने अकरा वर्षं मंडपात राबून शिकलो आहे.

गेल्या पत्रात अन्वीचं नाव दोन वेळा होतं. या पत्रात एकदाही नाही. निधीने मोजलं. (मी मोजलं नाही काका, आजोबांनी मोजलं.)

आमचं पत्र पोचायच्या आधीच तू काहीतरी करून बसलास. काय केलंस ते लिही. मी तिथे येऊन तुला ओरडू शकत नाही, त्यामुळे तुला भ्यायचं कारण नाही. आणि पोरीला काही झालं नाही ना, हे पहिल्या ओळीत लिही. तेवढं वाचेपर्यंत तुझी वहिनी पोस्टमनची वाट बघत दारात बसणार आहे.

यशवंत


उंटरश्लाइसहाइम
२ ऑगस्ट २०२५

प्रिय यशवंत,

अन्वीला काही झालं नाही. कोणालाच काही झालं नाही. वहिनींना आत बसायला सांग.

आता सगळं सांगतो. मागच्या पत्रात खोटं लिहिलं, माफ कर.

एकवीस जूनला शनिवार होता. प्रताप आणि नंदिनी बाजाराला गेले होते. शनिवारीच सगळं आणावं लागतं, रविवारी दुकानं उघडत नाहीत. अन्वीने जत्रा सुरू केली आणि आठ मिनिटांनी बंद पडली. ती म्हणाली, "कापुट." म्हणजे मोडलं. रडली नाही, नुसती फळीवर डोकं टेकून बसली. मला बघवेना. डब्याच्या मागच्या बाजूला चार बारीक स्क्रू होते. ते काढले. आत एक पिवळी चकती होती, तीच फ्यूज असणार हे मला बघताच कळलं. हात विसरला नव्हता, यशवंत. प्रतापची सोल्डरची कांडी कपाटात होती. चकतीच्या या पायापासून त्या पायाला तारेचा एक तुकडा डकवला आणि झाकण लावून टाकलं. मनात म्हटलं, सहा पेन्सिल सेल आहेत, त्यांच्यात जोर किती असणार? फार तर सेल संपतील. आपण मंडपात फ्यूज सारखा उडायला लागला की एका पदराच्या जागी तारेचे दोन पदर घालायचो, तसंच हे.

पाऊण तास फिरली जत्रा. अन्वी माझ्या गळ्यात पडली. सेल संपले तेव्हाच थांबली. मी कोणाला काही बोललो नाही. हात लावायचा नाही असं प्रतापने सांगितलेलं होतं ना.

आता पुढचं ऐक. रात्री अन्वीने प्रतापला सांगितलं की सेल संपतात. सकाळी मी तळ्याकडे गेलो असताना त्याने सेलची बाजू उघडली आणि सेलच्या जागी नुसत्या त्या आकाराचे खोटे सेल बसवून त्यांना भिंतीतल्या चार्जरची वायर जोडली. चार्जर नऊ व्होल्टचाच, पण मोठा. एका वेळी पाच अँपियर देणारा. त्याने विचार केला की डब्यात फ्यूज आहेच, चार्जर कितीही मोठा असला तरी जास्त गेलं की फ्यूज तोडेल. त्यानेही मला सांगितलं नाही. मला चार्जर म्हटलं की धडकी भरते म्हणून.

दुपारी जत्रा फिरत होती. नंदिनी आमरस करत होती. आकाशपाळण्याच्या चाकात अन्वीच्या केसांची रिबीन अडकली आणि चाक थांबलं. आधी कोणाच्या लक्षात आलं नाही, बाकी सगळं तर फिरत होतं. मग वास आला. तो वास मी सदतीस वर्षांत विसरलो नाही. पाळण्याच्या तारेवरचं आवरण लोण्यासारखं मऊ झालं होतं आणि खालचे दोन ठोकळे वाकले होते. मला काही सुचलं नाही. भिंतीतली पिन काढायची सोडून मी ती तारच हाताने ओढली. फोड तिथला.

प्रतापने संध्याकाळी डबा उघडला. माझा तुकडा त्याच्या हातात होता. तो ओरडला असता तर मी ऐकून घेतलं असतं. त्याने तो तुकडा टेबलावर ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बाबा, ती समोर बसली होती." एवढंच. मग तो जत्रा तळघरात ठेवून आला.

तेव्हापासून अन्वी मला काही विचारत नाही. शाळेतून आली की खोलीत जाते. काल मी विचारलं, जत्रा पुन्हा मांडायची का? ती जर्मनमध्ये काहीतरी म्हणाली, मला समजलं नाही. नंदिनीने सांगितलं, "ती म्हणते, तुम्हाला भीती वाटेल म्हणून नको." प्रताप नवीन डबा आणणार आहे, पण मांडायचं की नाही हे अजून ठरत नाही. मी ठरवलं आहे, तीस तारखेला मी हॉलमध्ये जाणार नाही. मी घरी असलो तर पोर मोकळेपणाने मांडेल.

दोन वेळा आयुष्यात फ्यूजला हात लावला आणि दोन्ही वेळा आग. पहिल्या वेळी तुझा हात गेला. दुसऱ्या वेळी देव आडवा आला. माझ्या हातातच दोष आहे.

तुझा
दिनकर


कराड
१४ ऑगस्ट

दिनकर

हे निधीने लिहिलेले नाही. तिला देवळात पाठवले आहे. डाव्या हाताने लिहितो. दोन दिवस लागले. वाचता येईल तेवढे वाच.

तुझ्या तारेने सहा सेलवर काही झाले नसते. प्रतापच्या चार्जरने फ्यूज जागेवर असता तर काही झाले नसते. दोघांनी एकमेकांना न सांगता केले म्हणून झाले. तू सेलच्या भरवशावर, तो फ्यूजच्या.

मला हे लगेच कळले. कारण अठ्ठ्याऐंशी साली असेच झाले.

तू दुपारी दोन पदर घातलेस. मला माहीत नव्हते. संध्याकाळी आरतीच्या आधी फ्यूज पुन्हा उडेल म्हणून मी घाबरलो. नारळ फोडायला आमदार येणार होते. तू हार आणायला गेला होतास. मी फ्यूजची चिनी मातीची ग्रिप उपसली, आत न बघता अजून दोन पदर पिळून घातले. एकूण चार. फण्याची मोटार अडकली तेव्हा दोन पदर तगले नसते, उडाले असते. चार तगले. तार तापली. पडदा पेटला.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर तू म्हणालास, तार मी घातली. मी दवाखान्यात होतो. मला कोणी विचारले नाही. मग मी घरी आलो तेव्हा तू काम सोडले होतेस आणि शाळेत शिपाई झाला होतास. तेव्हा सांगायला हवे होते. तेव्हा नाही सांगितले, मग पुढे कसे सांगू?

तू अठ्ठावीस वर्षे माझा गॅसचा सिलिंडर जिना चढवून दिलास. दर वेळी तू माझ्या हाताकडे बघायचास आणि मी दुसरीकडे.

ती ग्रिप मी जळलेल्या लाकडांतून शोधून आणली. चार पदर चिकटलेले दिसतात. माझ्या हत्यारांच्या पेटीत तळाशी आहे. वहिनीलाही माहीत नाही.

प्रतापला हे पत्र वाचायला दे. त्याने त्याचा अर्धा भाग तोंडाने बोलून टाकावा. नाहीतर तोही माझ्यासारखा होईल. आणि तू हॉलमध्ये जा.

यशवंत


उंटरश्लाइसहाइम
३१ ऑगस्ट २०२५

प्रिय यशवंत,

तुझं पत्र गुरुवारी आलं. खाली पत्रांच्या पेट्यांपाशी उभ्या उभ्या वाचलं. तुझं अक्षर ओळखू आलं नाही, मग सही बघितली. पहिल्यांदा वाचून झाल्यावर मी परत पहिल्या ओळीपासून वाचलं. वर गेलो आणि पत्र घेऊन बसलो.

खरं ते लिहितो. राग आला. सिलिंडर आठवले. एक एक आठवला. त्यात दोनदा माझी कंबर धरली होती. शाळेत सव्वीस वर्षं घंटा वाजवली तीही आठवली. संध्याकाळपर्यंत राग होता. मग तू दोन दिवस डाव्या हाताने बसून लिहिलंस ते डोळ्यांसमोर आलं. हेही मनात आलं की, दोन पदर मी घातले हे तर खरंच आहे. तू नंतर आत बघितलं असतंस तर माझे दोन दिसले असते. मी जाताना तुला सांगितलं असतं तर तू घातलेच नसतेस. मी हार आणायला गेलो, सांगायचं राहिलं. त्यामुळे राग कोणावर धरायचा ते ठरेना आणि तो निघून गेला. पुन्हा येईल की काय अशी भीती आहे. आला तर तुला लिहीन.

जेवण झाल्यावर प्रतापला पत्र दिलं. त्याने स्वयंपाकघरात उभं राहून वाचलं. मराठी हस्ताक्षर वाचायची त्याची सवय गेली आहे, त्यात तुझा डावा हात. बराच वेळ लागला. मग त्याने खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसला.

"बाबा, चार्जर लावला तेव्हा तुम्हाला सांगायला पाहिजे होतं," तो म्हणाला. "तुम्ही घाबराल म्हणून नाही सांगितलं. आणि नंतर तो तुकडा सापडला तेव्हा मला बरंच वाटलं, की चूक तुमची निघाली."

मी म्हटलं, "मी विचारलं नाही."

तो म्हणाला, "मी विचारायची सोयच ठेवली नव्हती. हात लावू नका म्हणून बसलो होतो."

अन्वी दारात होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती आत गेली आणि शाळेची एक कोरी वही घेऊन आली.

शुक्रवारी प्रतापने सुट्टी काढली. तळघरातून जत्रा वर आणली. वाकलेले ठोकळे बदलले, जळलेला डबा टाकून दिला. नवीन तीन डबे, सेलवर चालणारे, चार्जर नाही. निधीने लिहिल्याप्रमाणे मीटर लावून एकेक मोटार मोजली. आकाशपाळणा सगळ्यांत जास्त ओढतो, त्याला एकट्याचा डबा. चक्री आणि चरक दुसऱ्यावर. कुआँ आणि गणपतीमागचं चक्र तिसऱ्यावर. दिवे पॉवर बँकेवर. तारा मोकळ्या, फळीच्या मागून, कुठेही गुंडाळी नाही. प्रत्येक डब्यावर अन्वीने रंगीत चिठ्ठी चिकटवली.

वहीचा नियम तिने केला. कोणी कशालाही हात लावला की तारीख, नाव आणि काय केलं ते लिहायचं, आणि बाकी दोघांनी वाचून सही करायची. तिची ओळ जर्मनमध्ये, माझी मराठीत, प्रतापची दोन्हीत मिळून. मी स्क्रू घट्ट केला तरी लिहावं लागलं. एका दिवसात चार पानं झाली. नंदिनी म्हणाली, "फ्रीजरजवळ पण एक वही ठेवू या, बाबा." सगळे हसले. मीही.

शेवटी परीक्षा घेतली. अन्वीने पाळण्याचं चाक बोटाने धरून ठेवलं. मी डोळे मिटून घेतले. थोड्या वेळाने प्रताप म्हणाला, बघा. पाळण्याचा डबा आपोआप बंद झाला होता. बाकी चक्री, चरक, कुआँ, दिवे सगळं चालू. तार हाताला गार. उभ्या आयुष्यात फ्यूज पडला म्हणून मी पहिल्यांदा हसलो असेन.

काल मी हॉलमध्ये गेलो.

दोनशेवर माणसं होती. मी फळीच्या मागे खुर्ची टाकून बसलो, वही मांडीवर. दहा-दहा मिनिटांनी तीनही डब्यांना हात लावून बघत होतो. अन्वीने दोनदा माझा हात बाजूला केला, तिसऱ्यांदा सोडून दिला. आरतीनंतर गर्दी वाढली. एका लहान मुलाने पाळण्यात बोट घातलं आणि पाळणा थांबला. माणसं म्हणाली, अरेरे, बंद पडलं. मी खुर्चीतून उठलो. एक गृहस्थ पुढे आले, स्टुटगार्टला मोटारींच्या कंपनीत इंजिनियर आहेत. म्हणाले, काका, बघू का डबा उघडून?

मी काही बोलायच्या आत अन्वी मध्ये उभी राहिली. तिथे सगळी मोठी माणसं मराठीत बोलत होती, तिनेही मराठीतच सांगितलं. "नको, काका. फ्यूज पडला आहे. थोडं थांबा, मग फिरेल." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आजोबा, लिहा."

मी लिहिलं. वेळ, पाळणा, फ्यूज पडला, कोणी हात लावला नाही. सही केली. तिने सही केली. प्रताप गर्दीतून आला आणि त्यानेही केली. तोपर्यंत सहा मिनिटं झाली आणि पाळणा फिरायला लागला. संध्याकाळी चारपर्यंत चालू होता.

आता तुझ्याकडे काम आहे. त्या वहीचं शेवटचं पान मी अन्वीला विचारून फाडलं आहे. त्यावर लिहिलं आहे: सन अठ्ठ्याऐंशी, कालियामर्दन. दुपारी दोन पदर, दिनकर. खाली माझी सही आहे. त्याच्या खालची ओळ कोरी आहे. पान या पाकिटात घडी करून ठेवलं आहे. ती ओळ तू भर, सही कर, डाव्या हाताची चालेल. ग्रिप टाकू नकोस. पान तिच्याबरोबर पेटीत ठेवायचं की मला परत पाठवायचं ते तू ठरव, पण वहिनींना दाखवल्याशिवाय नको. तुझी बोटं वळत नाहीत म्हणून त्यांनी सदतीस वर्षं तुला कांदा चिरून दिला आहे, त्यांना कळायला पाहिजे.

तू ते पत्र टाकल्याला सतरा दिवस झाले. टाकून तू पस्तावला असशील, झोप लागत नसेल, असे नको ते विचार माझ्या मनात येतात. दोन ओळी लिही, निधीच्या हाताने लिहिल्यास तरी चालतील, पण लवकर लिही. पत्रपेटीपर्यंत दोन मजले आहेत आणि मी उद्यापासून रोज उतरणार आहे.

तुझा
दिनकर